बांबूतला भात: चाचणी क्रमांक चार

४ फेब्रुवारी, रविवार
बाबांना जाऊन सहा महिने झाले. मी व्यवस्थित आहे. आई मात्र तेव्हापासून ओट्याशी उभ्यानंच जेवते. बस म्हटलं की म्हणते, एकटीसाठी कशाला पसारा. (मी समोर असते.)
उपाय ठरला. बाबा अंगणात बांबूत भात करायचे, तसाच करायचा. आई बसून जेवेल. कारखान्यांचे बॉयलर तपासून सही करणं हे माझं काम. बांबूचं नळकांडं म्हणजे एका रविवारचा प्रश्न.

११ फेब्रुवारी
चाचणी १. शिडीवाल्याकडून उत्तम वाळलेला बांबू. ओलावा नऊ टक्के. विसाव्या मिनिटाला भातासकट पेटला.
शिडीवाला म्हणाला, ताई, भांडं हवंय हे सांगायचं ना, मी तुम्हाला सरपण दिलं.

१८ फेब्रुवारी
चाचणी २. हिरवा बांबू. बाबा तोंडाला पानांचा बोळा लावायचे. वाफ गळणारच. मी लाकडी बूच ठोकून तारेनं आवळलं. गळती शून्य.
११.४२ ला फुटला. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर भात. आई धावत आली, माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि आत गेली. म्हणजे अंगणात आली. प्रगती.

२० फेब्रुवारी
साहेबांनी विचारलं, भुवई कुठे गेली. गॅस, म्हटलं.

२५ फेब्रुवारी
चाचणी ३. पानांचा बोळा. बाहेर कोळसा, आत कच्चे तांदूळ. दादाचा फोन. म्हणाला, अगं बाई, कुकर लाव. म्हटलं, बाबांचा भात एकदाही बिघडला नव्हता. फोन कट झाला. रेंज नसावी.

३ मार्च, दुपारी १
चाचणी ४. पद्धतीत बदल नाही. शेवटी आई म्हणाली, जा, हातपाय धुऊन ये, मी बघते विस्तवाकडे. बाबाही ऐन वेळी आम्हाला हातपाय धुवायलाच पाठवायचे.
आले तर बांबू चिरून तयार. भात मोकळा, एकसारखा शिजलेला. आई बाबांच्या स्टुलावर बसली. दोनदा वाढून घेतलं. म्हणाली, जमलं हो तुला.
पद्धत सिद्ध.

दुपारी ३
अंगण झाडलं. पाल्याखाली ओंजळभर अर्धेकच्चे तांदूळ. सिंकमध्ये कुकर, तळाशी शितं, अजून कोमट.
आम्ही हातपाय धुवायला जायचो तेव्हा आई स्वयंपाकघरात असायची. दर वेळी.
कुकर घासून जागेवर ठेवला. चाचणी ४: पास. खाली सही केली.