सहीखालची दोन टिंबं

ता. ४ जून

चि. मुंगीस,
आजोबाचे गुडघेदुखीसकट अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. मग तिथं तुझ्या आजीचा हात रोज जातो हे आठवलं, म्हणून मिटलेल्या छत्रीत सरकवलं. आता पाऊस येऊ नये एवढंच.

तुम्ही डॉक्टर, वकील आणि वस्तीतल्या बायका मिळून प्रसूतिगृहाचे जुने कागद तपासताय, हे ठीक. पाळणा थांबवायचं ऑपरेशन करायचं तर बाईला नवऱ्याची सही अजूनही का आणावी लागते, हे सरकारी समितीला विचारणार आहात, तेही ठीक. पण त्या कागदांत सत्तेचाळीस बायकांचा नवरा एकाच हाताने सही करतो, सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं देतो, हे तू मला कशाला कळवतेस? टिंबं पुष्कळ लोक देतात. मी तिथे दारावरचा शिपाई होतो, चौथी पास. माझी सही कोण कशाला मागेल?

आजीला यातलं काही लिहू नकोस. तुझ्या खोलीचा नळ गळत होता, तो थांबला का?

तुझा आजोबा
(सही मुद्दाम केलेली नाही.)

ता. ११ जून

ती. आजोबांना,
मुंगीचा वाकून नमस्कार.

नळ थांबला. तुमचं पत्र आयुष्यात पहिल्यांदा बिनसहीचं आलं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, याहून पक्का पुरावा नको.

घाबरू नका. वकीलबाईंनी सगळं पाहिलंय, तुम्हाला कुणी धरून नेणार नाही. त्या सत्तेचाळीसपैकी नऊ जणी आम्हाला भेटल्या. एक आता पणजी आहे. तिचा नवरा तेव्हा बोटीवर होता. ती सांगते, त्या इमारतीत तिला नाव, वय, मुलं सगळ्यांनी विचारलं. तुम्हाला स्वतःला हवंय का, हे फक्त दारावरच्या शिपायाने विचारलं.

समितीचं म्हणणं, सहीचा नियम बाईच्या भल्यासाठी आहे. तुम्ही वीस तारखेला समितीपुढे येऊन बोललात तर त्यांना कळेल. याल ना?

आजीला गोड पापा. तुमच्यावर माया आहेच, आलात तर आणखी करीन.

मुंगी

ता. १४ जून

चि. मुंगीस, आशीर्वाद.

तिथे पाठ टेकायला खुर्ची असते का? शौचालय किती लांब? जिना असेल तर कठडा कुठल्या बाजूला?

मी शूर नव्हतो, हे आधी लिहून ठेव. पहिली बाई तिसऱ्यांदा चालत आली होती. मोठ्या सिस्टरनी तिला सहीशिवाय परत जा म्हणून सांगितलं, माझ्या हातात पेन दिलं आणि चहाला निघून गेल्या. पेन हातात आल्यावर माणूस काय करणार? पुढे त्या अशा बायका माझ्याकडेच पाठवू लागल्या. कागदोपत्री माझा संसार फार वाढला.

समितीला मी भीत नाही. भीती तुझ्या आजीची आहे. अठ्ठेचाळिसावा कागद तुम्हाला सापडलेला दिसत नाही. तुझ्या आईनंतर मामा झाला, तेव्हा आजी गुंगीत होती. डॉक्टर म्हणाले, दोन पुरेत, आत्ताच उरकून टाकू, सही करा. मी केली. नवरा खरा, सही खरी, नियम अगदी तंतोतंत. तिला महिन्याने सांगितलं. तिला तिसरं हवं होतं. ती जगातल्या सगळ्या गोष्टींवर माझ्याशी बोलते, यावर चाळीस वर्षं एक अक्षर नाही.

तू हुशार आहेस. हे समितीपुढे सांगायचं की नाही, ते तूच ठरव.

आजोबा

ता. १६ जून

ती. आजोबा, नमस्कार.

मी ठरवणार नाही. तुम्हीही नाही. आजीला विचारा.

मुंगी

ता. ३० जून

चि. मुंगीस, दोघांचे आशीर्वाद.

तू समोरच होतीस, तरी लिहितो, कारण परतीचं तुला ठाऊक नाही.

विचारलं तेव्हा आजी भाजी निवडत होती. म्हणाली, सांगायचं तर माझ्यासमोर सांगा. म्हणून ती आली, पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. अध्यक्षांनी मला विचारलं, खोट्या सह्यांचा पश्चात्ताप होतो का. मी म्हणालो, त्या सत्तेचाळीस आठवल्या तर मला झोप लागते. खरी एकच आहे, तिने उडते. ते चष्मा पुसत बसले. सहीचा रकाना काढण्याची शिफारस करू म्हणाले. समित्या म्हणतात तसं म्हणाले, पण म्हणाले.

बसमध्ये आजी खिडकीशी बसली होती. चार थांबे गेल्यावर बोलली.

"सत्तेचाळीस जणींना विचारलंत."

मी हो म्हणालो. मग उतरायचा थांबा आला.

तिची हकीकत अहवालात छापायला तुम्ही जो संमतीचा कागद पाठवलात, तो ती रोज दुपारी चष्मा लावून वाचते आणि परत उशाखाली ठेवते. सहीची जागा दाखवायला गेलो, तर दिसतेय मला म्हणाली. एकदा विचारलं, काय ठरलं. विचार करतेय म्हणाली.

तर तुमचा अहवाल तोवर थांबवावा. किती दिवस, ते मला माहीत नाही. मी पेनात शाई भरून तिच्या बाजूला ठेवली आहे, आणि स्वतः बाहेरच्या खोलीत बसलो आहे.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुझा आजोबा
(खाली रेघ आणि दोन टिंबं दिली आहेत, पाहून घे.)