मॅटवर ठेवलेले बूट

४ नोव्हें., सोम. वजन ८१.२
रोज वजन लिहायचं, ही कुस्तीच्या सरांची शिस्त. अठरा वर्षं झाली. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल असं ते म्हणाले होते, पण आकडा लिहिला की हात पुढे चालतोच. आज चालत नाही. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. पेन दिसतं, हाताला लागत नाही.
नागपूरचा रिपोर्ट कपाटात, बायकोच्या साड्यांखाली. मानेच्या मणक्यातली गादी सरकली आहे, नस दबते आहे. आणखी एकदा डोक्यावर पडलात तर हातापायांचं काही सांगता येणार नाही, कुस्ती बंद, असं डॉक्टर म्हणाले. मी बरं म्हटलं. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा बरं म्हटलं.
२४ ला राज्य स्पर्धा. इथेच, आदिलाबादला. ७७ किलो.

६ नोव्हें., बुध. ८०.९
सुजाता आठच्या बसने गुडीहत्नूरला शाळेवर जाते. डबा भरता भरता विचारलं, "सरायले अन् बाबायले तुमी सांगता का मी सांगू?" चोवीस तारखेनंतर बघू म्हटलं. चोवीसला काय आहे, म्हणाली. बस चुकेल म्हणून गेली.
चोवीसला शेवटची कुस्ती. मग बूट.
एका कॅम्पमध्ये सरांनी मोबाईलवर दाखवलं होतं. परदेशातला कोणी म्हातारा होत आलेला पैलवान. शेवटची कुस्ती झाली, मॅटच्या मधोमध बसला, दोन्ही बूट काढून ठेवले आणि निघून गेला. सगळा हॉल उभा. सरांचे डोळे भरलेले. "जिस दिन छोड़ना हो, ऐसे छोड़ना. मुँह से बोलने की ज़रूरत नहीं." सर तेलुगू, मी मराठी, मध्ये दोघांची मोडकी हिंदी, त्यामुळे आमचं सगळं कमी शब्दांत भागतं. हे तर बिनशब्दाचं. मला सोयीचं.

९ नोव्हें., शनि. ८०.१
सराव. ग्रीको-रोमनमध्ये सगळी पकड. समोरच्याच्या पाठीमागे दोन्ही हात गुंफायचे, उचलायचं, मागे फेकायचं. कमरेखाली हात लावायचा नाही. आज हात गुंफले गेले की नाही हे मला त्याच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागलं. सर ओरडले, ध्यान किधर है चॅम्पियन. पहिल्या सुवर्णापासून ते मला चॅम्पियनच म्हणतात. मिलिंद हे नाव त्यांना आठवत असेल का, शंकाच आहे.
फेकलं कोणालाच नाही. मान आखडली आहे सांगून लवकर सुटलो.

१२ नोव्हें., मंगळ. ७९.६
दुधाचा हिशोब मी कॅलेंडरवर लिहितो. बाबा चष्मा लावून समोर उभे. जन्मभर जैनथकडच्या मराठी शाळेत मास्तर होते, अजून शाईची चूक सोडत नाहीत. "अक्षर काऊन असं? कोंबडीचे पाय. मोबाईलनं बिघडलं तुयं." हो म्हटलं.
आई गेल्यापासून आमच्याजवळ असतात. माझी एकही कुस्ती त्यांनी पाहिलेली नाही. नाही, एक पाहिली. गावच्या जत्रेत. तेव्हा माझ्याकडे राष्ट्रीय पदक होतं, लोकांनी आग्रहाने मातीत उतरवलं. समोर कपाशीच्या पळाट्या उपटून अंग कमावलेला गावातलाच एक गडी. त्याने सरळ माझा पाय धरला. आमच्याकडे पाय धरतच नाहीत, त्यामुळे पाय सांभाळायची सवय गेलेली. अर्ध्या मिनिटात पाठ मातीला. सगळी जत्रा हसली. बाबा पुढे चालत घरी गेले. जेवताना एवढंच म्हणाले, "पाय धरता येत नाई, वाचोता येत नाई. अर्धीच कुस्ती शिकला तू."
तेव्हापासून घरात माझ्या खेळाचं नाव अर्धी कुस्ती.

१६ नोव्हें., शनि. ७८.९
स्पर्धेच्या उद्घाटनाला वाचायला माझी माहिती मागितली. बोलून सुजाताकडून लिहून घेतली. राज्य सुवर्ण सात. राष्ट्रीय पदकं चार, त्यात सुवर्ण एक. परदेश एकदा, पहिल्याच फेरीत बाद. तिथे माईकवाल्याने माझं नाव तीन वेळा तीन प्रकारांनी घेतलं होतं, हे लिहू नको म्हटलं. ती हसली. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. संपलं. अर्धं पान.
वाचून दाखवलं तिने. दुसऱ्या कोणाचं तरी ऐकतोय असं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२१ नोव्हें., गुरु. ७८.०
जेवण बंद, पाणी मोजून. बाबा समोर बसून भाकर आणि अंबाडीची भाजी खातात, त्यांना त्याचं काही नाही. मध्येच घास थांबवून विचारलं, रविवारी किती वाजता आहे तुझं. स्टेडियमच्या गेटवर माझा फोटो लागलाय. सकाळी फिरायला येणाऱ्या रिटायर मास्तरांनी त्यांना तिथे नेऊन दाखवला. मी येतो, म्हणाले. वर, "तेवढेच पाय मोकळे होतीन."
महिन्याभरात पहिल्यांदा आत काहीतरी हललं. भीती होती. बाबा नेमके आत्ता का येत आहेत?

२४ नोव्हें., रवि. ७६.८
जिंकलो.
पहिल्या दोन सोप्या. फायनलला हैदराबादचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बाबा दुसऱ्या रांगेत, शेजारी सुजाता. दुसऱ्या फेरीत मी नुसता ढकलतोय म्हणून पंचाने मला खाली बसवलं. गुण त्याला. मी चारी हातापायांवर, तो मागून कमरेला मिठी घालून उचलतोय. वीतभर उचललं. आता डोक्यावर येणार हे कळत होतं. भीती वाटली नाही. फक्त एवढंच, की बाबा बघतील. मग घामाने त्याचे हात सुटले.
३-१. एकही डाव नाही, सगळी ढकलाढकली; माझे तीन त्याला रिंगणाबाहेर ढकलल्याचे. पंचाने माझा उजवा हात वर केला. वर गेलेला दिसला.
मग मध्यभागी बसलो. बूट. गाठ घट्ट बसलेली, बोटांना नाडी सापडेना. बघून बघून ओढतोय, भलतंच टोक हातात येतंय. पुढची जोडी उभी राहिलेली. पंच तेलुगूत म्हणाला, लेवंडि, लेवंडि. उठलो. बूट घालूनच बाहेर आलो. सर तिथे नव्हते, दुसऱ्या मॅटवर ज्युनियरच्या कुस्तीला बसलेले.
पदक, फोटो. मॅटवर सगळे चपला घालून चढले.
जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. परत गेलो. टाचेने टाच दाबून बूट काढले, मधोमध शेजारी शेजारी ठेवले. थोडा वेळ उभा राहिलो. मागे पप्पू-भाताच्या, म्हणजे वरणभाताच्या, रांगेचा गलका. अनवाणी बाहेर आलो. फरशी गार होती. कोणी पाहिलं नाही.
ऑटोत बसणार, तर बाबा मागून धापा टाकत. दोन्ही बूट छातीशी धरलेले. "इसरलास नं. कोनी नेले असते म्हंजे?"
हो, विसरलो म्हटलं.
ऑटोत बूट त्यांनी मांडीवर घेतले. सगळ्या रस्त्याने बोलत होते. त्या हैदराबादवाल्याने उचललं तेव्हा त्यांचा जीव कसा वर आला, शेजारच्या माणसाला त्यांनी कसं सांगितलं की हा माझा मुलगा. बोलता बोलता म्हणाले, "अर्धी नाई रे ते. पुरी हाय." मी रस्त्याकडे बघत होतो. हे ऐकायला मी कितीतरी वर्षं काहीही दिलं असतं. आज ऐकलं आणि कुठे ठेवावं ते कळेना.

२५ नोव्हें., सोम. ७९.३
बूट अंगणातल्या तारेवर. बाबांनी साबण लावून धुतले. सुजाताने विचारलं, बूट तिथे कसे राहिले. सांगितलं. नागपूरच्या रिपोर्टनंतर ती रडली नव्हती, आज रडली. मी शेजारी बसून राहिलो. रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

२८ नोव्हें., गुरु. ८०.०
राष्ट्रीय कॅम्पची यादी. ७७ ला मी. सरांचा फोन, ४ तारखेला हैदराबादला हजर राहायचं. सर खुशीत, आणखी दोन वर्षं आरामात काढशील म्हणाले. सांगायला तोंड उघडलं. मध्येच त्यांना दुसरा फोन आला. पुन्हा लावतो म्हणाले. लावला नाही. मीही नाही.

१ डिसें., रवि. ८०.४
विहारात वंदना झाल्यावर बाबांनी उभं राहून सगळ्यांना कॅम्पचं सांगितलं. चार जणांनी येऊन हात मिळवला. डावा पुढे केला, लोकांना वाटलं उजवा दुखावलाय. पैलवान आहे, चालायचंच, असं कोणीतरी म्हणालं.
परत येताना बाबांनी बाजारातून नव्या नाड्या घेतल्या. पांढऱ्याशुभ्र. जुन्या कुजल्या होत्या म्हणे. ४ ला तेही हैदराबादला येणार, दोघांचं रिझर्वेशन करून आलेत. कोणाला न विचारता, थेट.
सुजाता भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे बूट काई बोलले नाईत. आता तुमी बोला."
उद्या सांगतो म्हटलं.

२ डिसें., सोम. ८०.४
सांगितलं नाही. बाबा बॅग भरत होते. त्यांनी शाळेचं जुनं स्वेटर काढलं, उन्हात टाकलं. त्या स्वेटरकडे बघून मला फार लाज वाटली.

३ डिसें., मंगळ. वजन केलं नाही.
सकाळी सुजाता बसला गेली. बाबा ओट्यावर नव्या नाड्या ओवून बसलेले. "घालून पाह्य, लांब तर नाई झाल्या?" नंतर घालतो म्हटलं. आत्ता घाल म्हणाले. शाळेतल्यासारखं.
घातले. नाडी घेतली. पहिली गाठ बघून बघून जमली. फासा जमेना. अंगठ्यातून नाडी सुटत होती आणि सुटलेली मला कळत नव्हती. मी रिकामंच ओढत होतो. तीनदा, चारदा. मान वर करून बाबांकडे पाहिलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते.
मग खाली बसले. बाबा, पायाला हात लावू नका, म्हटलं. मागे सरकलो. त्यांनी घोटा धरून पाय ओढला, फासा घातला, वर दुहेरी गाठ मारली. पहिलीच्या पोरांच्या बांधत असतील तशी. दुसऱ्या बुटाकडे वळले आणि थांबले. नाडी हातातच. माझा उजवा हात घेतला, अंगठा दाबला. मग नखाने दाबला. मी त्यांच्याकडे बघत होतो, हाताकडे नाही.
"लागते का?"
नाही म्हटलं.
रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. "म्हंजे अक्षर मोबाईलनं नव्हतं बिघडलं," म्हणाले.
रिपोर्ट कुठे आहे ते सांगितलं. ते उठून कपाटाकडे गेले. साड्या एकेक करून पलंगावर ठेवत होते, घड्या मोडू न देता. मी ओट्यावर तसाच. एक बूट बांधलेला, एक सुटा.
गाडी उद्या सकाळची आहे.