बंदर ठरेपर्यंत

१ मार्च, रविवार

ठरलं. मी आणि दामिनीताई, दोघीच, चार दिवस क्रूझवर. नवरे, मुलं, डबे, कुकर काही नाही. ताईच्या मुलाने, पियुषने, तिचं कॅनडाचं तिकीट काढलं आहे, २४ मेचं. एकदा गेली की दोन-तीन वर्षं तरी येत नाही. सख्खी बहीण एकच आहे. आज प्रतापनगरला जाऊन तिला सांगितलं. म्हणाली, "ठीक आहे वं भारती, तू म्हणशील तसं." किती आनंद झाला तिला!

खरं कारण इथेच लिहून ठेवते. मला तिला दोन ओळी सांगायच्या आहेत. आई शेवटचे आठ महिने तिच्याकडे अंथरुणाला होती आणि मी पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहून फक्त रविवारी जायचे. त्या वर्षी ऑफिसात ऑडिट होतं. तरी सांगायला हवं. घरी जमत नाही, मध्येच दुधवाला येतो. जहाजावर कोणी उठून कुठे जाऊ शकत नाही. ओळी तयार आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, डेकवर. पहिल्या दिवशी सामान लावण्यात जाईल.

बुकिंगची शेवटची तारीख: १५ मार्च. यात बदल नाही.

४ मार्च, बुधवार

सदरच्या ऑफिसात लंच टाइममध्ये तक्ता केला. मुंबई, कोची, चेन्नई. अकरा रकाने. नागपूर देशाच्या मधोमध असल्यामुळे आपल्याला कुठल्याच समुद्राचा पक्षपात नाही. निर्णय पूर्णपणे तटस्थ होणार. रात्री जेवताना हे सांगितलं तर सोनिका म्हणाली, "आई, सगळे समुद्र सारखेच लांब आहेत म्हणजे सगळेच लांब आहेत." सतरा वर्षांच्या मुलीला प्लॅनिंग कळत नाही.

८ मार्च, रविवार

मुंबई. गाडी सकाळी पोचते, जहाज संध्याकाळी सुटतं, गोवा करून परत. तक्त्यात मुंबईला सर्वांत जास्त गुण.

फक्त मधले सात-आठ तास. कल्याणला रुपरावमामा आहेत, आईचे धाकटे भाऊ, आमच्याकडचे आता तेवढेच वडीलधारे. सख्खा मामा असताना हॉटेलात उतरायचं म्हणजे संबंध संपले. माझ्या नवऱ्याचा, अश्विनचा, एक चुलतभाऊ पुण्यात आत्या असताना लॉजवर राहिला होता. त्याला अजून बारशाचं बोलावणं नसतं.

बरं, मामांकडे उतरावं, तर मामी दुसरं जेवण झाल्याशिवाय सोडत नाही, आणि जहाज मामीसाठी थांबत नाही. शिवाय मामा आईचा विषय काढतात. "शेवटी जवळ कोण होतं वं तिच्या?" असं सगळ्यांसमोर विचारतात. त्यांना माहीत असतं तरी.

मुंबई रद्द. कारण: गर्दी.

१४ मार्च, शनिवार

कोची! तिथे आपलं कोणीही नाही. सासरचं नाही, माहेरचं नाही, शेजारच्यांचंसुद्धा नाही. दोन दिवसांपासून मन शांत आहे. रेल्वेने फार वेळ जातो, म्हणून अश्विन म्हणाला विमानाने जा. विमान मुंबईत बदलतं. मध्ये तीन तास.

ताईला सहज म्हटलं, त्या तीन तासांत मामांना फोन नको करायला. ती म्हणाली, "असं कसं वं? मामाच्या गावात उभं राहायचं अन् मामाले सांगायचं नाही?" म्हणजे ती फोन करणार. म्हणजे मामा डबा घेऊन विमानतळावर येणार.

कोची रद्द. कारण: दमट हवा.

१५ मार्च, रविवार

आज बुकिंग करायचं होतं. पण मार्चएंड आहे, मन थाऱ्यावर नसताना एवढा निर्णय घेऊ नये. नवी तारीख ३१. पक्की.

२२ मार्च, रविवार

चेन्नई. आधी कसं सुचलं नाही! इथून थेट गाडी. रात्री बसा, दुसऱ्या दिवशी उतरा. मध्ये मुंबई येत नाही.

तिथे अश्विनचा चुलतभाऊ अभिजीत रेल्वेत आहे, पण त्याचा प्रश्न मी आधीच सोडवला. स्वतःहून फोन केला. म्हटलं, येतोय, पण उतरणार नाही, थेट बंदरावर जाणार. एकदम समजूतदार मुलगा. "वहिनी, मी गाडी घेऊन येतो, तुम्हाला जहाजात बसवून देतो." म्हटलं, कोणाला बोलू नकोस. म्हणाला, "वहिनी, माझ्या पोटातून गोष्ट बाहेर येत नाही."

संबंधही राखले, गुप्तताही राखली. हे सगळ्यांना जमत नाही.

२४ मार्च, मंगळवार, सकाळी साडेसात

मामांचा फोन. "काहून वं भारती, चेन्नईले जाऊन राहिली म्हणे? मुंबईतला समुद्र आटला, का मामा मेला?"

अभिजीतने माझ्या सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी उमरेडच्या नातेवाइकांना, उमरेडहून मामांना. दीड दिवस लागला.

मी गडबडले. म्हटलं, नाही मामा, चेन्नई रद्द, मुंबईहूनच निघतोय, तुमच्याचकडे उतरणार होतो, सांगणारच होते. आणि बोलता बोलता शेवटी म्हटलं, "तुम्हीपण चला ना."

हे म्हणावं लागतं. कोणीही म्हणतं. यावर समोरच्याने "छे गं, आम्ही म्हातारे कुठे" असं म्हणायचं असतं. शंभर वर्षांपासून म्हणत आलेत.

मामा म्हणाले, "चला मग! किती तारीख?"

२९ मार्च, रविवार

मामा, मामी आणि मामीची बहीण. बहिणीच्या गुडघ्याला समुद्राची हवा चांगली, असं मामीचं म्हणणं. मामीने जहाजावर चालतील असे सांडगे करायला घेतले आहेत.

ताईला घाबरत घाबरत सांगितलं. वाटलं, नाराज होईल, दोघींचंच ठरलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं वं. मामाले हौस आहे."

म्हटलं, पण आपल्याला एकट्यात बोलायला मिळणार नाही.

"आपण काय एकट्यात भांडणार होतो का?"

पाच माणसं असली तरी डेक मोठा असतो. तक्त्यात डेकच्या लांबीचा रकाना वाढवला.

३१ मार्च, मंगळवार

ऑफिसातून घरी यायला उशीर. नवी तारीख १५ एप्रिल. आता मात्र शेवटची.

१२ एप्रिल, रविवार

मामांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव: 'जहाज'. नऊ जण. त्यातल्या दोघांना मी ओळखत नाही. कालपासून दोनशे चौदा मेसेज. कोणी म्हणतं विशाखापट्टणमहून निघा, तिथे मामीची भाची आहे, उतरायची सोय होईल. कोणी विचारतं, जहाजात देवघर असतं का. एकाने लिहिलं, एवढं पाणी पाहून काय करायचं, त्यापेक्षा रामटेकला जाऊ, संध्याकाळी परत.

मी माझा तक्ता टाकला. खाली मामीने हात जोडलेलं चित्र टाकलं.

ग्रुप सोडला. चार मिनिटांत मामांनी परत घेतलं.

१९ एप्रिल, रविवार

त्रेचाळीस डिग्री. ऑफिसमधून रंगीत प्रिंट काढून ठेवले होते, ते घेऊन ताईकडे गेले. म्हटलं, डेकचं डेकवर पाहू, आजच सांगून टाकावं. ती आईचं कपाट आवरत होती. नऊवारी लुगडी एकावर एक. खिडकीजवळ आईची खाट अजून तशीच आहे, फक्त गादी गुंडाळलेली.

मी तिला केबिनचे फोटो दाखवले. खिडकीची केबिन की बाल्कनीची, यावर वीस मिनिटं बोलले. ती लुगड्याच्या घड्या घालत "हो, हो" म्हणत होती. मग म्हणाली, "काही सांगायचं होतं का वं तुले?"

मी म्हटलं, बाल्कनीची घेऊ.

तिने चहा ठेवला. प्यायले. निघाले.

त्या खाटेसमोर तो विषय काढणं बरोबर झालं नसतं. वातावरण लागतं. आणि एक दुरुस्ती: ऑडिट दोन आठवड्यांचंच होतं. पण तयारीचे दिवसही धरायला हवेत.

(१५ तारीख हुकल्याचं लक्षात आहे. उन्हामुळे.)

२ मे, शनिवार

मामांच्या मुलाने बुकिंग केलं. सोळा मे, मुंबई. सात जण.

मी नावं वाचली. दोनदा वाचली. आमची दोघींची नाहीत. फोन केला तर मामा म्हणाले, "तूच त लिहिलं होतं ना, आमचं आम्ही पाहून घेतो म्हणून!" लिहिलं होतं. ग्रुप सोडताना, रागात लिहिलं होतं. राग कळत नाही का माणसांना? आता जहाज भरलं आहे.

मामीने वेगळा मेसेज केला: "भारती, तुझा तो कागद पाठव वं परत. लय कामाचा आहे."

पाठवला.

३ मे, रविवार

ताईला सांगायला गेले. वाटेत तिच्या समाधानासाठी तीन वाक्यं जुळवली होती. तिने ऐकलं आणि इतकी हसली की पलंगावर बसली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं बाई, सुटली मी."

"म्हणजे?"

"मले झोपाळ्यावर बसलं त मळमळते वं. लहानपणी उमरेडच्या बसमध्ये दर खेपेले ओकत होती मी, विसरली का? तुझ्याच फ्रॉकवर ओकली होती एकदा."

म्हटलं, मग तू हो काहून म्हटलं?

"तू इतके कागद काढून राहिली होती! मले वाटलं, हिले जायचं असेल."

म्हणजे दोन महिने मी एका ओकणाऱ्या बाईसाठी बंदर शोधत होते. बारा रकान्यांत हा रकाना नव्हता. नोंद करते की चूक माझी नाही, माहिती अपुरी होती.

मला तरी जायचं होतं का? मला पोहता येत नाही. अंबाझरी तलावाच्या काठावरही मी दोन पावलं मागे उभी राहते. हा मुद्दा आत्ताच लक्षात आला.

नवी योजना: २३ मे, ती जायच्या आदल्या दिवशी. तिच्या घरी. सगळे गेल्यावर, शांतपणे.

१६ मे, शनिवार

ग्रुपवर फोटो. मामा केबिनमध्ये लाइफ जॅकेट घालून चहा पीत आहेत. मामीची बहीण डेकवर, गुडघा उन्हाला दिलेला. डेक खरंच मोठा आहे. माझा रकाना बरोबर होता.

बंदर मागे पडताच मामांनी फोन केला. "काहीच नाही वं इथं! जिकडे पाहा तिकडे पाणीच पाणी!"

खूश होते.

२३ मे, शनिवार

सगळे गेल्यावर शांतपणे, असं ठरलं होतं. सगळे गेलेच नाहीत. शेजारणी येत होत्या, कोणी लोणचं आणत होतं, कोणी पियुषसाठी चिवडा. कुलरचा आवाज. शेवटी ताई वजनकाट्यावर उभी राहिली, दोन्ही हातांत बॅग धरून, आणि मला म्हणाली, "मले खाली पाहता येत नाही. तू पाहून सांग किती झालं."

मी खाली बसले, काट्यापाशी. तिचे पाय समोर होते. टाचांना भेगा. आईचे असेच होते. आणि मी म्हटलं, "ताई, आईच्या वेळी मी येत नव्हते ते ऑफिसमुळे नाही. मला तिला तसं पाहवत नव्हतं. म्हणून सगळं तुझ्यावर टाकून मी घरी बसले होते."

ओळी अशा ठरल्या नव्हत्या. ठरलेल्या फार चांगल्या होत्या.

मला वाटलं कुलरमुळे ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, "रविवारी तू यायची म्हणून ती शनिवारपासूनच वेणी घालून मागत होती. बाकीचे सहा दिवस माझ्या नावानं ओरडत होती. मले बी लय वेळा वाटलं, पळून जावं कुठंतरी." तिने बॅग सावरून धरली. "पाहवत त मलेबी नव्हतं, भारती."

मी खालीच बघत होते.

"हात दुखून राहिले वं माझे. किती झालं?"

तिचं वजन वजा केलं. "सव्वीस."

"तेवीसच चालते. पापड काढ."

पापड काढले. उडदाचे, तिने चार दुपारी उन्हात बसून केलेले. शिवाय लोणच्याची एक बरणी. तरी अर्धा किलो जास्त होतं, मग स्वेटर काढून अंगावर घालायचा ठरला. मेमध्ये, नागपुरात.

२४ मे, रविवार

सकाळच्या विमानाने ताई गेली. विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. स्वेटर घालून ती घामाने भिजली होती आणि रांगेतले लोक वळून बघत होते. दुसरी ओळ राहिली होती: तू आईसाठी जे केलंस ते मला करता आलं नसतं. ती आत जायच्या आधी म्हणायला तोंड उघडलं, आणि "पोहोचली की फोन कर" असं म्हटलं. ती म्हणाली, "दिल्लीतूनच करतो वं."

दुपारी तिने खरंच दिल्लीहून फोन केला. पुढच्या विमानाला चार तास होते. पंचेचाळीस मिनिटं बोललो. मामीच्या बहिणीचा गुडघा, मामांचे फोटो, पियुषची बायको उडदाचे पापड खाते की नाही. मध्ये दोनदा ती म्हणाली, "आणखी काय?" दोनदा मी म्हटलं, काही नाही, तू सांग.

तशी संधी होती. पण विमानतळावर फार गोंगाट होता. म्हणजे तिच्या बाजूला. माझ्या बाजूला घरात कोणीच नव्हतं.