उलटं बाक

बा, तुझ्या साहेबाच्या गाडीला अगदी मागे एक बाक होतं. त्यावर बसणाऱ्याचं तोंड मागे सुटणाऱ्या रस्त्याकडे असायचं. गेला सगळा पावसाळा आणि अर्धी थंडी मी तशाच एका बाकाशी भांडत होतो. या रविवारी ते भांडण एका वेगळ्याच जागी येऊन थांबलं, म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. तू असतास तर मी मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि तू मध्येच म्हणाला असतास, "पुढं चल, पुढं."

आम्ही गाडी घेतली, हे आधी सांगायला हवं. म्हणताना अजून ओशाळल्यासारखं होतं. रे रोडला एका लाकडाच्या वखारीमागे ती पडून होती. स्टेशन वॅगन, लढाईच्या आधीची. पुढचं तोंड लोखंडी आणि मागचं सगळं अंग लाकडी. आत राखणदाराच्या कोंबड्या राहत होत्या. माझा मेव्हणा रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं, बराच वेळ ते बाहेर काढलं नाही, आणि मग म्हणाला, "भावजी, इंजिन जिवंत आहे. वरचा डोलारा मेलाय." मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गरज कशाला म्हणायचं आणि हौस कशाला, हे दर वर्षी नव्या मुलांना समजावतो. आईचे गुडघे गेलेत, बसची पायरी तिला चढवत नाही, मुलं तीन, दादरहून परळला नातेवाइकांकडे जायचं तर सगळी वरात निघते. तेव्हा ही गरजच आहे, असं मी स्वतःला पटवलं. पटवावं लागलं, यातच काय ते आलं.

लालबागला मेव्हण्याच्या ओळखीनं एक पत्र्याची शेड मिळाली. दर रविवारी आम्ही दोघं तिथं. त्याला इंजिनाची ओढ आणि मला लाकडाची. का, ते मला आधी कळलं नाही. मी फळ्या सोडवायचो, प्रत्येकीवर खडूनं खूण करायचो, कुजलेल्या बाजूला ठेवायचो. सांगाड्याच्या कमानी बऱ्याचशा वाचल्या होत्या; खालच्या पट्ट्या वाळवीनं खाल्लेल्या. त्याच वखारीतून साग आणला. मेव्हणा म्हणायचा, "कशाला हा खटाटोप? पत्रा ठोकू, रंग मारू, विषय संपला." मी ऐकलं नाही. नव्या फळीला जवसाचं तेल पाजायला घेतलं आणि तो वास नाकात गेला, तेव्हा हात तसाच थांबला. बा, तू रविवारी घरी यायचास तेव्हा तुझ्या सदऱ्याला हाच वास असायचा. परळच्या त्या बंगल्यात तू साहेबाची गाडी धुवायचास, तिचं लाकूड तेलानं पुसायचास, त्याची कुत्री सांभाळायचास. मी तुझ्याबरोबर एकदाच आलो होतो. गाडीच्या पुढच्या गादीवर चढून बसलो, आणि तू मला दंडाला धरून खाली उतरवलंस. मारलं नाहीस. "ही बसायची नाय, पुसायची," एवढंच म्हणालास. मी तेव्हा विचारलं, मग तू कुठं बसतोस? तू मागं नेऊन ते बाक दाखवलंस, अगदी कौतुकानं.

आम्ही घेतलेल्या गाडीलाही तसंच घडीचं बाक निघालं. कोंबड्यांची घाण खरवडली तेव्हा खाली सापडलं, बिजागऱ्या अजून शाबूत. मी मेव्हण्याला सांगितलं, हे कापून टाक. त्यानं करवत बाजूला ठेवली. "एवढं मजबूत बाक? पोरं भांडतील यावर बसायला." मी म्हटलं, माझ्या घरातलं कुणी तिथं बसणार नाही. त्याला कारण सांगितलं नाही. तुला सांगतो. तू त्या बाकावर बसायचास ते साहेबाच्या हुकमानं नव्हे. पुढं ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी असायची. ड्रायव्हरला तू शेजारी चालत नव्हतास, त्याला विटाळ व्हायचा. साहेबानं एकदा म्हणे तुला पुढं बोलावलं, तर ड्रायव्हर गाडी सुरू करेना, आणि तू आपणहून मागं गेलास. हे मला तू गेल्यावर चुलत्यानं सांगितलं. तेव्हा मी मॅट्रिकला होतो, आणि त्या दिवसापासून ते बाक माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच.

पण मग तुझ्या गोष्टींचं काय करायचं, हे मला कधी सुटलं नाही. साहेब रविवारी शिकारीला किंवा तलावावर जायचा. टोपली, बंदुकी, कुत्री आणि तू मागं. संध्याकाळी परत आलास की आम्ही पोरं तुझ्याभोवती. "आज राणीबाग बघितली," तू सांगतोयस, "आधी हत्तीएवढी, मग बकरीएवढी, मग मुठीत मावंल एवढी. आन् मग गेली." तुझ्या मुंबईत कुठलीच गोष्ट समोरून येत नसे. सगळं मोठं सुरू व्हायचं आणि लहान होत जायचं. "सगळ्यात शेवटी काय बुडतं सांगा? गिरणीची चिमणी." शाळेत मास्तरांनी मुंबईचं वर्णन लिहायला सांगितलं, तर मी सगळं उलटं लिहिलं, लांब जाणारं, आणि मार खाल्ला. अपमानाची जागा आणि इतक्या रंगलेल्या गोष्टी, दोन्ही एकाच बाकावर कशा बसत होत्या? तू खरंच खूश होतास का आमच्यासाठी खूश दिसत होतास?

आणखी एक होतं. रविवारी तू जेवत नसायचास. आई चुलीपुढून ताट सरकवायची, भाकरी, सुकटीचं कालवण, आणि तू म्हणायचास, "खाऊन आलो. साहेबाकडं होतं." मग खिशातून अर्धं लिंबू काढून आम्हाला द्यायचास. आम्ही मीठ लावून ते आळीपाळीनं चोखायचो. शेजारच्या पोराचा बाप पेपरमिट आणायचा. मी एकदा म्हटलं, साहेबाच्या बागेतलं आणायचं तर आख्खं तरी आण. तू हसलास आणि दुसऱ्या रविवारीही अर्धंच आणलंस. आई मात्र मागून बोलायची, आम्हाला ऐकू जाईल असं. "साहेबाघरचं मटण रिचवून येतो. पोरांसाठी एक तुकडा नाय आणवत." हे ती तू गेल्यावरही बोलत राहिली, बा. परवापरवापर्यंत. तिची तुझ्याबद्दलची ती एकच तक्रार.

म्हणून बाकाचा विषय घरात निघाला तेव्हा मला वाटलं, ती माझ्या बाजूची असेल. मुलं म्हणत होती बाक हवं, मी म्हणत होतो नको. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बसेन तिथं."

"तू पुढं बसायचंस. तुझ्यासाठी पायरी केलीय, धरायला पट्टा केलाय."

"पुढचं काय बघायचं? येतंच ते. तुझा बा काय बघायचा ते बघायचंय मला."

मी तिला चुलत्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. ड्रायव्हर, रिकामी जागा, सगळं. ती म्हणाली, "ठाऊक हाय. तुझ्या आधी ठाऊक हाय." आणि तांदूळ पाखडायला लागली. बाक राहिलं. मी त्यावर नवं रेक्झिन चढवलं, आत काथ्या भरला, पण मन लावून केलं असं म्हणवत नाही.

या रविवारी गाडी पहिल्यांदा शेडबाहेर काढायची होती. इथं तुला एक सांगायचं राहिलं. आम्ही दीक्षा घेतली, बौद्ध झालो. घरातले देव उतरले, खंडोबाचा टाकसुद्धा. तू असतास तर काय म्हणाला असतास, हा माझा नेहमीचा प्रश्न. तर मेव्हणा सकाळी लिंबं घेऊन हजर. एकेक चाकाखाली ठेवायला लागला. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, तिनं ते बघितलं.

"हे काय रे?"

"लिंबू. चाकाखाली चिरडायचं. नवी गाडी आहे."

"दीक्षेच्या वेळी काय झोपला होतास?"

"मी घेतली ना दीक्षा," तो म्हणाला, "चाकांनी कुठं घेतली?"

ती हसली, पण लिंबं उचलायला लावलीच. एक त्यानं माझ्या खिशात कोंबलं. "राहू द्या, भावजी. सरबताला होईल."

आई येण्याआधी ते बाक तपासून बघायला हवं, बिजागरी नवी नाही, असं म्हणून मागचं दार उघडंच ठेवून मी मागं बसलो. बायको भावाशेजारी पुढं. गाडी हलली आणि लालबाग माझ्यापासून निघून जायला लागलं. शेडचं दार, पानवाला, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांचा मांडव, सगळं आधी मोठं, मग लहान. बा, तू सांगितलंस तसंच होतं. मी अगदी पोरासारखा बघत होतो. कोपऱ्यावरून एक मोर्चा वळून आमच्या मागं लागला. शिवाजी पार्कावर सभा होती. सध्या हे रोजचंच आहे. मुंबई कुणाची, यावर सगळं शहर रस्त्यावर येतं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणत माणसं येत होती, आणि पुढं बैलगाड्या अडकल्यामुळे आमची गाडी त्यांच्याच चालीनं चालली होती. शेकडो माणसं माझ्याकडे तोंड करून आणि मी त्यांच्याकडे.

पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "पुढारी कुठले?"

दुसरा म्हणाला, "लालबागचेच असतील. साहेब, बसून काय राहिलात? द्या की घोषणा."

मला घोषणा द्यायची होती. मी या चळवळीच्या सभांना जातो, वर्गणी देतो. पण तोंड उघडलं आणि पोटातून काहीतरी वर आलं. गाडी थांबत होती, हिसका घेत होती, धूर मागून आत येत होता, आणि डोळ्यांसमोरचं सगळं सारखं मागं सरकत होतं. घाम फुटला. मी तोंड मिटलं. पुढून मेव्हण्यानं आरशात मला वाकलेला बघितलं असावं, कारण तो ओरडला, "भावजी, लिंबू चोखा, लिंबू."

मी दातांनीच ते फोडलं. मोर्चातला तो माणूस म्हणाला, "पुढाऱ्यांचा घसा धरलाय," आणि रांगेत हशा पिकला. मी लिंबू चोखत होतो. हळूहळू पोट खाली बसलं. अर्धं संपलं तेव्हा मी हातातल्या उरलेल्या अर्ध्याकडे बघितलं.

बा, तुला गाडी लागत होती. दर रविवारी, जाताना आणि येताना. साहेबाकडं मटण नव्हतं. असलं तरी तुझ्या पोटात ते राहिलं नसतं. तू बागेतून लिंबू घेत होतास ते आमच्यासाठी नव्हे, आणि निम्मं मात्र आमच्यासाठी वाचवत होतास. आणि पोटात ढवळत असताना तू राणीबाग बघत होतास, चिमणी शेवटी बुडते हे ध्यानात ठेवत होतास, कारण संध्याकाळी आम्ही विचारणार होतो. इतकी वर्षं मी विचारत आलो की तिथं तू सुखी होतास की अपमानित. तुला मळमळत होतं, हे मला एकदाही सुचलं नाही. यानं बाकी प्रश्न सुटतात असं नाही. पण आता ते एका माणसाबद्दलचे वाटतात.

घरी आलो तर आईनं ताट वाढून ठेवलेलं. मुद्दाम सुकट केली होती, गाडी निघाली म्हणून. त्या वासानं मी दारातच थबकलो.

"बस," ती म्हणाली.

"खाऊन आलो," मी म्हटलं. "मेव्हण्याकडं होतं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. मी सदरा काढून खुंटीला लावला. आईनं तो धुवायला घेतला, खिसे चाचपले आणि ते अर्धं लिंबू बाहेर काढलं. कितीतरी वेळ ती ते हातात धरून बसली. मी चिमणीचं सांगायला लागलो, गिरणीची चिमणी खरंच सगळ्यात शेवटी बुडते म्हणून. तिनं ऐकून घेतलं.

"तुझा बा पण असंच सांगायचा," ती म्हणाली. मग ताटावर ताट उपडं घातलं आणि लिंबू फडताळात ठेवलं. "येत्या रविवारी मी बसणार मागं. दोन लिंबं आण."

आता मला एवढंच कळत नाही, की तिला हे त्या क्षणी समजलं की पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असेल, तर ती मटणाची तक्रार आमच्या कानावर कशासाठी घालत होती? तुझं "खाऊन आलो" आम्हाला खरं वाटावं म्हणून? विचारलं तर सांगेल कदाचित. मी विचारणार नाही. इतकी वर्षं तुम्ही दोघांनी मिळून धरलेलं काही असेल, तर ते माझ्या प्रश्नानं सुटू नये.

हे वाचून दाखवायला तू नाहीस, आणि आईला मी दाखवणार नाही. रोजनिशीतच राहू दे. एक मात्र लिहून ठेवतो. बिजागरी तपासायला म्हणून मी त्या बाकावर बसलो, हे खोटं. मला तुझ्या जागी बसायचं होतं. आणि पोट रिकामं असताना, सुकटीचा वास समोर असताना, "खाऊन आलो" म्हणालो, तेव्हा मला बरं वाटलं, बा.