पोकळ वाजणारं जोतं

रियाध, मंगळवार, ९ मार्च १९८२

जोत्याला दगड लावून संपले एकदाचे. अंग मोडून आलंय, पण डोक्यातून तो आवाज जात नाही. घर जुनं, उन्हासाठी भिंतींना बाहेरून फोम मारलेला. त्यावर जाळी ठोकून मी दगड बसवले. पोकळ वाजला म्हणजे मागे माल नाही, असं बाबांनी शिकवलेलं. तसा एकेक ठोकून पाहिला, तर सगळेच पोकळ वाजतात! फोममुळेच असेल. की सिमेंटचा माल कमी पडला? शेवटी एक उचकटला. मागे माल गच्च भरलेला. परत बसवला, तरी पोकळच वाजला.

म्हाताऱ्या मालकाने दगडांवरून हात फिरवला. “खलास? बहुत अच्छा!” त्याचा सगळ्या जोत्यावर भरवसा. माझा त्या एकाच दगडावर.