झिजणार कोण

३ तारीख
पोहोचलो. लेकीनं पत्र्याच्या खोलीत खाट टाकून ठेवली होती. खिडकीतून थेट महामार्गाचा पूल दिसतो. जुना गंजून चाळणी झाला म्हणून पाडला, आता नवा उभा राहतोय. कंत्राट जावयाचं. उभा जन्म लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्यात घालवलेला सासरा देखरेखीला आयता मिळतोय, तो कसला सोडतोय! मीही खुशीत आलो. लेक रोज दिसेल.

५ तारीख
गर्डर पाहिले. कागदावर जस्ताचा मुलामा. खिळ्यानं ओरखडलं तर नुसता चंदेरी रंग. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, आणि इथं तर कथीलही नाही. जावयाला म्हटलं, अरे, जस्त स्वतः झिजतं म्हणून आतलं लोखंड टिकतं. इथं झिजणार कोण?
"मामा, माणसं काय कमी आहेत?" म्हणाला आणि स्वतःच हसला. अकलेचा कांदा.

११ तारीख
आठवडाभर ओल. रंगाचे पोपडे निघाले, पण खाली गंजाचा ठिपका नाही. जावई मिशीला पीळ देत हिंडतोय. पुलावरच्या वेल्डरच्या तळहातांवर मात्र पांढरी भुकटी, जस्त झिजताना धरतं तशी. म्हणतो, पुलाला हात लावला की आतून ओढल्यासारखं होतं. कामचुकाराला निमित्त पुरे. मी त्याची यथेच्छ टर उडवली.

१४ तारीख
वेल्डर आला नाही. त्याची बायको आली. त्याची बोटं खडूसारखी मोडली म्हणाली. रडतही नव्हती.
जावयाला काम थांबव म्हटलं. म्हाताऱ्यानं टकळी बंद ठेवावी म्हणाला. बोलताना हात पाठीमागेच ठेवले होते.

१५ तारीख
लेक रोज डबा घेऊन येते, पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहते. आज तिच्या मनगटाला पांढरं. पीठ असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. फडक्यावर कातडी —

१६ तारीख
तिला दूर पाठवलं. तरी फोनवर म्हणते, वाढतंच आहे. धरलेलं सोडत नाही हा पूल.
पण लोखंडाला चिकटलेलं जस्त आधी जातं, एवढं मला कळतं. रंग खरवडलाय. उघड्या गर्डरला पाठ लावून पट्ट्यानं बांधून घेतलंय. खा मेल्या. म्हातारं जस्त चिवट असतं —
फोन आला. थांबलंय म्हणते. "बाबा, तुम्ही कुठे आहात?" घरीच, म्हटलं.
अंगठा गेला — पेन्सिल दोन बोटांत — लेकी, तू इकडे मुळीच —