आमच्या संग्रहालयाचं ॲप आणि तुझा आवाज

तीर्थस्वरूप आत्यास,

कोपरापासून नमस्कार. (दोन्ही हातांनी. एका हातात फोन धरून केलेला नमस्कार तू जमेस धरत नाहीस, हे ठाऊक आहे.) काकांचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुर करतो का? आणि काका? तुझी तब्येत मुद्दाम विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारली तेव्हा "मला काय धाड भरलीये?" असं उत्तर आलं होतं. आम्ही सगळे मजेत आहोत. मी त्यातल्या त्यात कमी मजेत आहे, आणि त्याचीच ही हकीकत आहे. पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा शोधून मगच पुढे वाच.

तुला माहीतच आहे की मी सांभाळतो त्या संग्रहालयाचं छप्पर गळतं. पाऊस आला की ढाली-तलवारींच्या दालनात बादल्या मांडाव्या लागतात, आणि बाहेरगावची माणसं त्या बादल्याही कौतुकाने बघून जातात. छपरासाठी मी पुष्कळ उंबरे झिजवले. पण छपराला कोणी पैसे देत नाही गं. छपरावर देणगीदाराचं नाव कोरलं तर ते फक्त कावळ्यांना वाचता येणार. याउलट मोबाइलचं ॲप म्हटलं की मोठमोठ्या लोकांचे डोळे लकाकतात. शेवटी एक छत्र्यांचे कारखानदार आम्हांला पावले. (छत्र्या विकणारा माणूस छपरासाठी पैसे का देत नाही, हे माझ्या डोक्यात जरा उशिरा शिरलं.) अर्धी रक्कम त्यांनी लगेच दिली. उरलेली अर्धी, ते स्वतः ॲप कानाला लावून सगळी दालनं फिरतील आणि त्यांना पसंत पडेल तेव्हा.

ॲप म्हणजे काय, तर पाहुण्याने फोन घेऊन एखाद्या वस्तूसमोर उभं राहायचं आणि फोनने त्या वस्तूची माहिती बोलून सांगायची. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या भिंती इतक्या जाड आहेत की आत फोनला रेंज मिळत नाही, त्यामुळे ॲप उतरवून घ्यायला लोकांना सायकली लावायच्या जागेपाशी जाऊन उभं राहावं लागतं. त्यात आमची समिती! समितीने पहिल्या पडद्यावर अध्यक्षांचा फोटो हवा म्हणून तीन बैठका घेतल्या, मग फोटोत ते हसरे हवेत की गंभीर यावर चौथी. बोधचिन्ह झालं, रंग ठरले, बटणं गोल की चौकोनी ते ठरलं, आणि एवढं होईपर्यंत पैसे संपले. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की बोलणाऱ्या ॲपमध्ये बोलायचं कोणी, हे राहूनच गेलंय. ॲप बनवणाऱ्या मुलीने (हुशार आहे, पण बिचारीचे निम्मे पैसे अजून आमच्याकडे अडकलेत) सांगितलं की स्टुडिओ परवडत नसेल तर एखादी शांत खोली बघा, जिथे गाद्या-उशा भरपूर आहेत. आवाज घुमत नाही म्हणे.

आता तुला कळलं असेल की मी तुझ्याकडे राहायला का आलो होतो. काकांच्या गुडघ्याची चौकशी हेही कारण होतंच, पण ते दुसरं. तुझ्या माडीवरच्या गाद्यांच्या खोलीत मी दार लावून ज्या "कार्यालयीन कामात" होतो, ते हे. तू अधूनमधून दार उघडत होतीस, बोलत होतीस, जिन्यातून काकांना हाका मारत होतीस, आणि मी मनात म्हणत होतो, हरकत नाही, हा आवाज नंतर काढून टाकता येईल.

काढून टाकला. पण तो माझा. त्या मुलीच्या संगणकात एक सोय आहे, ती म्हणे ठळक आवाज ठेवते आणि मागची कुजबुज पुसते. मी तोंडाला माईक लावून बोलत होतो आणि तू जिन्याच्या तळाशी उभी होतीस, तरी यंत्राने कुजबुज माझीच ठरवली! त्या मुलीला वाटलं मी ऐकून तपासलं असेल, मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणून मी ऐकलं नाही, आणि समितीने नेहमीप्रमाणे आपापली नावं शुद्ध लिहिलीत का तेवढं पाहून मंजुरी दिली.

त्यामुळे कारखानदार सपत्नीक आले त्या दिवशी जे झालं ते असं. घोड्याच्या सांगाड्यासमोर ते उभे राहिले आणि फोनमधून तू म्हणालीस, "किती वाळलास रे! वेळेवर जेवत जा." चिनी मातीच्या बरण्यांसमोर, "हात लावू नकोस, आत्ताच पुसलंय." (दोघंही पटकन मागे सरकले. आमच्या पाटीला आजवर कोणी इतका मान दिलेला नाही.) पुढे त्यांच्याच आजोबांचं मोठं तैलचित्र आहे, भरदार पोटाचं. मी त्यांना तिथून दुसरीकडे वळवायला बघत होतो, पण तू गाठलंसच. "अहो, पोट बघा जरा स्वतःचं!" काकांना म्हणाली असशील. कारखानदारांनी निमूटपणे पोट आत घेतलं. त्यांच्या पत्नी मात्र भिंतीला टेकून हसायला लागल्या, त्यांना हसू आवरेना. मला वाटलं, संपलं. नोकरी गेली, त्या मुलीचे पैसे बुडाले. पण कारखानदार परत पहिल्या दालनात गेले आणि सगळं पुन्हा ऐकून आले. म्हणाले, हा आवाज राहिला तर उरलेले पैसे, नाहीतर काही नाही. आणि जाता जाता, बाईंची लेखी परवानगी घेतली असेलच. मी मान हलवली. कोणत्या दिशेने ते आता आठवत नाही.

एक सांगू? दुसऱ्या दिवशी उघडण्याआधी मी एकटाच फोन कानाला लावून फिरलो. आई गेल्यापासून "जेवलास का" असं मला कोणी रागावून विचारलेलं नाही, तुझ्याशिवाय. त्या सांगाड्यासमोर मी बराच वेळ थांबलो. मला फार बरं वाटलं, आत्या. हे तोंडावर सांगायला जमलं नसतं.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो राग आल्यावरही तसाच ठेवावा.

तुझा भाचा

ता. क. सोबत परवानगीचा कागद आहे. खाली सही कर. वाचलास तरी चालेल, पण आधी सही कर. सही आली नाही तर तुझा आवाज काढावा लागेल, पैसे येणार नाहीत, आणि त्या मुलीला तोंड दाखवायला मला जागा उरणार नाही.

ता. क. २. ॲप परवापासून लोकांच्या फोनमध्ये आहे. तुमच्या शेजारच्या सूनबाई मैत्रिणींना घेऊन येऊन गेल्या. त्यांनी तुला ओळखलं असं मी म्हणत नाही, पण दारवानाला त्यांनी तुमचा पत्ता सांगितला.

ता. क. ३. नाहीच म्हणायचं असेल तर पत्राने कळवू नकोस. सरळ फोन कर आणि माझ्याबद्दल जे वाटतं ते अगदी मनमोकळं बोल. फक्त बोलताना पंखा बंद ठेव आणि मध्ये काकांना बोलू देऊ नकोस. शेवटच्या दालनाला अजून आवाज मिळालेला नाही.